धुराच्या दोन रेघा

भुरीबाई सून होऊन घरात आली त्याला सात महिने झाले होते, आणि या सात महिन्यांत ती देवसिंगाशी एक शब्दही बोलली नव्हती. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. सासऱ्यापुढे सुनेने तोंड उघडायचं नाही, घुंगट वर करायचा नाही, त्याच्या नजरेसमोर घास घ्यायचा नाही, ही देवसिंगाच्या घरची रीत होती. तांड्यातल्या बऱ्याच घरांतून ती आता सैल पडली होती. देवसिंगाने मात्र घट्ट धरून ठेवली होती, आणि त्याचा त्याला थोडा तोराही होता.

पण घर म्हटलं की विचारणं-सांगणं आलंच. त्यावर पोरीने आपणच तोड काढली. तिच्या हातांत मनगटापासून पार वरपर्यंत हाडाच्या पांढऱ्या बलिया होत्या, तांड्यातल्या सगळ्या लग्न झालेल्या बायकांच्या असतात तशा. देवसिंगाने बाहेरून विचारावं, "भाकर झाली काय?" आतून बलिया वाजायच्या, टक-टक. दोनदा म्हणजे हो. "फुलचंद आला काय?" टक. एकदा म्हणजे नाही. बघता बघता सासऱ्याला त्या टकटकीतला रागलोभही कळायला लागला. एकदा संध्याकाळी त्याने तिसऱ्यांदा चहा मागितला, तेव्हा आतून असा काही टक आला की त्याने मुकाट्याने बिडी पेटवली.

"सून आनली का टपाल हापिसातलं तारयंत्र?" त्याची बायको हंसाबाई म्हणायची. "बोलू द्या नं पोरीले आता. कायले अडवून धरलं?"

"चाललं ते बरं चाललं," देवसिंग म्हणायचा, आणि मिशीत हसायचा. खरं सांगायचं तर त्याला ते आवडायला लागलं होतं. पोरगी गुणाची होती, घरात तिच्या येण्याने जीव आला होता, आणि ती टकटक ऐकली की दिवसभराचा शीण उतरायचा. पण हे तो कोणाला सांगणार?

हंगामाच्या दिवसांत सगळं घर दिग्रसच्या एका जीनमध्ये कामाला असायचं. कापसातून सरकी वेगळी काढायची आणि रुई वेगळी करायची, हे जीनचं काम. देवसिंग तिथे मुकादम होता, हाताखाली चाळीस माणसं, त्यांतली निम्मी त्याच्याच तांड्यातली. हंसाबाई आणि भुरीबाई यंत्रांत कापूस घालायच्या. मुलगा फुलचंद, म्हणजे भुरीबाईचा नवरा, रुईच्या गाठी बैलगाडीवर लादून पुसदच्या बाजूला पोचवायचा, दोन-दोन दिवस घरी नसायचा. नवा महाराष्ट्र होऊन त्या वेळी जेमतेम नऊ महिने झाले होते, आणि जीनच्या फाटकावर मालक शेठने लावलेल्या पताका अजून तशाच लोंबत होत्या.

जीनचा कारभार बघायला मधुसूदन नावाचे मॅनेजर होते. यवतमाळच्या वकील-कारकुनांच्या घरातला माणूस, चष्मा, स्वच्छ धोतर, आणि नागपूरला कुठल्याशा कॉलेजात यंत्राबिंत्रांचं शिकून आलेला. आल्या आल्या त्यांनी पहिली गोष्ट केली ती रुईच्या खोलीची. यंत्रातून निघालेली रुई त्या खोलीत पडायची, ढीग छतापर्यंत जायचा, आणि हवेत इतकी किटी, म्हणजे कापसाची बारीक धूळ, उडायची की आत काम करणाऱ्या बायका खोकून खोकून बेजार व्हायच्या. मधुसूदनांनी मागच्या भिंतीत जमिनीलगत लोखंडी जाळ्या बसवल्या, आणि वर आढ्याखाली चार झडपा. झडपांचे दोर बाहेरच्या भिंतीवरून खाली आणले. दोर ओढून खुंटीला गुंडाळला की झडप उघडी, सोडला की धाडकन बंद. खालून थंड हवा आत यायची, वरून किटी घेऊन बाहेर जायची. बायकांचा खोकला खरंच कमी झाला.

जुन्या लोकांनी मात्र नाकं मुरडली. देवसिंगही त्यांतलाच. त्याने वीस वर्षांत तीन जीना जळताना बघितल्या होत्या. कापसाला वारा म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. धूर दिसला की दारं लाव, खिडक्या लाव, आगीचा गळा दाब, मग ओलं बारदान घेऊन आत शीर, हा त्याच्या हाताला बसलेला धडा होता. "बाबूजीनं भोकं पाडून ठेवली खोलीले," तो म्हणायचा. "पेटली तर चिलिमीसारखी पेटन."

आणि पेटली.

जानेवारीचा महिना, दुपारची सुट्टी. इंजिन बंद झालं होतं. माणसं आवारात निंबाखाली फडकी सोडून बसली होती. सकाळी एका यंत्रात कापसाबरोबर खडा गेला होता, खर्रकन आवाज होऊन ठिणगी उडाली होती. तिथे लगेच पाणी मारलं, हात घालून चाचपून बघितलं, काही नव्हतं. पण ठिणगी रुईत शिरली की तासतासभर दबा धरून बसते. ती रुईच्या वाटेने पलीकडच्या खोलीत जाऊन पडली होती, आणि ढिगाच्या पोटात गुपचूप आपलं काम करत होती.

धूर पहिल्यांदा उकंडाला दिसला. उकंडा हा आवारातला जुना गडी, जीनच्या टाकीवर पाणी भरायचा. "मुकादम! झडपातून धूर निंगून राह्यला!" तो ओरडला.

देवसिंगाने हातातली भाकरी टाकली आणि पळत सुटला. खोलीचं दार पत्रा ठोकलेलं, दोन पाखांचं. त्याने एक पाख ओढलं. आत बघतो तर ढिगाच्या माथ्यावरून पिवळी ज्योत सरसर पळत होती, आणि धूर छताला जाऊन आडवा पसरला होता. खालची निम्मी खोली चक्क स्वच्छ दिसत होती, ढिगाच्या पायथ्याचं फावडं दिसत होतं, मागच्या भिंतीचा एक तुकडासुद्धा. ढिगामागचा कोपरा तेवढा दिसत नव्हता.

"आत कोन हाय काय?" देवसिंग गरजला. त्याचा आवाज असा की तांड्याच्या या टोकाला बोलला तर त्या टोकाला कुत्री उठायची. "कोन हाय काय आत? बोला!"

आगीचा फडफडाट होता. मागे माणसांचा कालवा होता. आणि त्या सगळ्यात देवसिंगाच्या कानावर आलं, टक-टक.

रुईत थोडीफार सरकी राहतेच, आणि तापली की ती फुटते. हे देवसिंगाला वीस वर्षांपासून माहीत होतं.

"कोनी नाई आत!" तो ओरडला. "दार लावा! उकंडा, तिकडच्या झडपा पाड! इकडच्या म्या पाडतो!"

दोन दोर उकंडाने सोडले, दोन देवसिंगाने. धाड, धाड, धाड, धाड. दार लागलं. वरून निघणारा धूर थांबला, आणि आवारातल्या सगळ्यांना वाटलं की निम्मं काम झालं. देवसिंग माणसं लावायला लागला. बादल्या आणा, बारदान भिजवा, गाठी बांधायच्या प्रेसकडच्या गाठी हलवा. ओळ लागली. त्याचं डोकं अगदी थंड होतं, जसं मुकादमाचं असायला पाहिजे. पाण्याची तिसरी-चौथी खेप आली असेल, तेवढ्यात हंसाबाई माणसांना ढकलत पुढे आली.

"भुरी कुटी हाय?"

"असन तिकडं बायकांत."

"नाई तठी! समद्या पाह्यल्या म्या. ती जेवाले गेल्ती."

"जेवाले कुटी गेल्ती?"

हंसाबाईने नवऱ्याकडे अशा नजरेने बघितलं की जन्मात कधी बघितलं नव्हतं. "तुमी निंबाखाली बसता नं जेवाले! तुमच्यासमोर ती खाईन काय? रोज रुईच्या खोलीत जाते, ढिगाच्या मांगं, जाळीपाशी बसून खाते. तुमाले मालूम नाई?"

त्याला माहीत नव्हतं. सून कुठे जेवते, हे सासऱ्याला माहीत नसणं हाच तर त्या रीतीचा अर्थ होता. त्याच्या डोक्यात फक्त एकच गोष्ट वाजत होती. टक-टक. दोनदा. आत कोण आहे का? हो.

  पोरीने उत्तर दिलं होतं. त्याच्या घरच्या रीतीने, जसं सात महिने देत होती तसंच, अदबीने उत्तर दिलं होतं. आणि ते ऐकून त्याने तिच्या डोक्यावर झडपा पाडल्या होत्या. उद्या फुलचंद गाडी घेऊन येईल, बैल सोडेल, घरात शिरेल. त्याला काय सांगायचं?

मग तो झडपांच्या दोराकडे धावला. पहिला दोर त्याच्या हातात आला तोच मधुसूदन पळत आले आणि त्यांनी त्याचा दंड धरला.

"देवसिंग! अहो, हे काय करताय? आत्ताच बंद केल्या ना तुम्ही? आता वारा दिलात तर सगळा ढीग पेट घेईल!"

"माही सून हाय आत, बाबूजी."

मधुसूदनांचा चेहरा पांढरा पडला. पण माणूस खरा. त्यांनी दंड सोडला आणि दुसऱ्या दोराला स्वतः हात घातला. "ओढा! चारही ओढा! उकंडा, तिकडे जा! दार मात्र अजून उघडू नका, आधी झडपा!"

झडपा उघडल्या. तीन उघडल्या, चौथीचा दोर आतून जळाला असावा, तो नुसताच हातात आला. आढ्याखालून काळा धूर असा बाहेर लोटला की लोक मागे सरले. आतून हूंऽ असा आवाज झाला. मधुसूदन म्हणाले होते तसंच झालं, आग वाऱ्याला हपापलेली होती, तिला वारा मिळाला. छताचे पत्रे तडतडायला लागले. देवसिंग दाराकडे झेपावला, आणि मधुसूदनांनी त्याला पुन्हा अडवलं, आता दोन्ही हातांनी.

"थांबा. ऐका माझं. आत्ता आत धूर जमिनीपर्यंत भरला आहे. आत्ता शिरलात तर चार पावलांत पडाल, मग दोघांना काढावं लागेल. झडपांतून धूर जाऊ द्या. खालून मोकळं होईल. दार थोडंसं उघडा, खालून हवा शिरेल. आणि उभं राहून जायचं नाही, पोटावर सरपटत जायचं."

"किती थांबू?"

"खालची जमीन दिसेपर्यंत."

हे देवसिंगाला कळलं, म्हणून तो थांबला. नाहीतर ब्रह्मदेवाचंही त्याने ऐकलं नसतं. त्याचं लहानपण ज्या झोपडीत गेलं तिला धुराडं नव्हतं. वर गवताच्या छपराला एक भोक, आणि खाली दाराची फट. चूल पेटली की धूर वर जाऊन बसायचा आणि भोकातून हळूहळू जायचा. खाली बसलेल्या माणसाला काही वाटायचं नाही, उभा राहिला की डोळ्यांतून पाणी. पावसाळ्यात बाप छपराचं भोक बारदानाने बुजवायचा, तेव्हा तोच धूर खाली यायचा, पोरांच्या नाकापर्यंत, आणि याडी शिव्या घालत ते बारदान काढायला लावायची. याडी म्हणजे आई, बंजाऱ्यांच्या घरातली गोरबोली. हे सगळं त्याला पाचव्या वर्षापासून माहीत होतं, आणि चाळीस माणसांच्या मुकादमाला झडपा पाडताना ते आठवलं नव्हतं. आपल्याइतका गाढव माणूस साऱ्या दिग्रसात नसेल, असं त्याला वाटलं, आणि त्या घडीला ते खोटं नव्हतं.

दाराचं पाख त्यांनी हातभर उघडलं. उंबऱ्यापासूनच भिंत होती, करड्या धुराची. देवसिंग जमिनीवर आडवा पडून उंबऱ्याकडे डोळे लावून राहिला. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. मग उंबऱ्याच्या आत बोटभर फरशी दिसली. मग वीतभर. बाहेरची हवा त्याच्या कानाजवळून सूं करून आत जात होती, आणि धुराची खालची कड हलत, लोंबत, वर सरकत होती. किती हळू! पाण्याची बादली भरायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ गेला असेल, पण देवसिंगाला आपलं अर्धं आयुष्य तिथे गेल्यासारखं वाटलं. मागून हंसाबाई "भुरीऽ, भुरीऽ" अशी हाका मारत होती, आणि आतून उत्तर येत नव्हतं, ना तोंडाचं ना बलियांचं.

कड गुडघ्याएवढी वर गेली. फावड्याचा दांडा दिसला.

"जा," मधुसूदन म्हणाले, आणि भिजवलेलं बारदान त्याच्या पाठीवर टाकलं.

देवसिंग सरपटत शिरला. डावीकडे ढीग पेटला होता, त्याची झळ गालाला लागत होती. वर काळोख, पण फरशीवरची हवा श्वास घेण्याजोगी होती, थंड होती. तो भिंतीच्या कडेकडेने गेला. पत्र्याच्या डब्याला हात लागला, मग पायाला. भुरीबाई कोपऱ्यात पालथी पडली होती, आणि तिने तोंड जाळीला असं लावलं होतं की गजांचे वळ तिच्या गालावर उठले होते. घाघऱ्याची कड धुमसत होती. त्याने ती हाताने विझवली.

सासऱ्याने सुनेला हात लावायचा नाही, अशीही एक रीत होती. देवसिंगाला ती आठवलीसुद्धा नाही. त्याने तिला दंडाला धरून खसकन ओढलं, बारदान तिच्यावर टाकलं आणि आला तसा मागे सरपटायला लागला. मध्यावर ती खोकली. तो खोकला ऐकून देवसिंगाच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. आणि आता सांगून कोणाला खरं वाटणार नाही, पण शुद्धीवर येता येता त्या पोरीने मोकळ्या हाताने पहिली गोष्ट काय केली, तर चाचपडत ओढणी पुढे ओढली. धुरात, आगीत, सासऱ्यासमोर घुंगट!

दारातून चार हातांनी दोघांना बाहेर खेचलं. हंसाबाईने सुनेला छातीशी धरलं आणि मोठ्याने गळा काढला, आणि मग बायकांनी, आणि मग काही बाप्यांनीही. भुरीबाई खोकत होती, ओकत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण जिवंत होती. देवसिंग उताणा पडून आभाळाकडे बघत होता. आभाळ निळं होतं. मिशी एका बाजूने जळून गेली होती, ते त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

त्यानंतर आग विझवणं म्हणजे नुसती मेहनत होती, भीती उरली नव्हती. निम्मा ढीग गेला, पत्रे वाकले, पण गाठींची वखार वाचली, यंत्रं वाचली. मधुसूदन धोतर गुडघ्यावर खोचून स्वतः बादल्या फेकत होते. चारच्या सुमाराला धूर सरला. निंबाखाली लोक जिथे बसायला जागा मिळाली तिथे बसले, आणि जो तो मोठ्याने बोलायला लागला, हसायला लागला. कोणाचा पाय बादलीत कसा अडकला, कोण पळता पळता सरकीच्या ढिगात कसा पडला. जीव वाचल्यावर माणसं अशीच बोलतात. कोणीतरी गूळ आणला. हंसाबाई सुनेला गुळाचं पाणी पाजत होती आणि अधूनमधून रागाचा कढ येऊन ओरडत होती.

"पन त्या झडपा पाडल्या कोनं? कोन्या मुडद्यानं पाडल्या? पोरगी आत, अन् वरून झाकन लावते!" तिची नजर मधुसूदनांवर होती. तिच्या मते अशी अक्कल शिकल्या-सवरल्या माणसालाच सुचणार. ती बायकांत होती, सुनेला शोधत होती, झडपा पडल्या तेव्हा तिने काही बघितलं नव्हतं.

 मधुसूदन चष्मा काढून पुसत बसले. उकंडाने खाली मान घातली.

देवसिंग उठला आणि रुईच्या खोलीत गेला. का गेला, त्यालाही सांगता आलं नसतं. आत ओली राख, वाकलेले पत्रे, वर उघड्या झडपांतून येणारं ऊन. हंगामाआधी मधुसूदनांनी भिंतींना चुना मारून घेतला होता. त्या पांढऱ्या भिंतीवर धुराने दोन रेघा ओढल्या होत्या. एक वर होती, देवसिंगाच्या डोक्याच्याही वर वीतभर. तिच्यावर भिंत मिट्ट काळी. सुरुवातीला धूर तिथपर्यंतच होता. चारही झडपा उघड्या असताना जेवढा धूर होत होता तेवढा वरून जात होता, आणि खाली माणूस उभ्याने चालत बाहेर आला असता. दुसरी रेघ खाली होती. पुसट, करडी, पण चारही भिंतींवर सारखी, दोरी धरून मारल्यासारखी. देवसिंग तिच्याजवळ उभा राहिला. ती त्याच्या पोटरीला लागत होती.

त्या दोन रेघांमधलं सगळं अंतर त्याचं होतं. त्याने हात लावला, बोटं काळी झाली.  मग तो बाहेर आला.

निंबाखाली भुरीबाई आता खोडाला टेकून बसली होती. घुंगट होताच, पण ओढणीला जळून एवढं मोठं भोक पडलं होतं की त्यातून तिचा एक डोळा आणि अर्धा गाल दिसत होता, गालावर जाळीचे वळ. देवसिंग समोर येऊन थांबला. नेहमीप्रमाणे तो तिच्याशी न बोलता हंसाबाईला म्हणणार होता, की पोरीला घरी घेऊन जा, बैलगाडी मिळते का बघतो.

"मामाजी," भुरीबाई म्हणाली.

 हंसाबाईचा हात गुळाच्या वाटीवर तसाच राहिला. आवाज धुराने बसला होता, खरखरीत झाला होता, पण सरळ त्याच्याकडे बघून आला होता.

"मामाजी, तुमी इचारलं, आत कोन हाय. म्या बलिया वाजवल्या. दोनदा वाजवल्या."



"मंग झडपा पडल्या," ती म्हणाली. "उजेड गेला. धूर खाली येऊन राह्यला, येऊन राह्यला. वरडाले गेली, तर तोंडात धूर भरला." ती थांबली, खोकली. "झडपा कोनं पाडल्या, मामाजी?"

उकंडा घाईने म्हणाला, "दोर घसरला वो, बाई. जुना दोर..."

"चूप रे," देवसिंग म्हणाला. चाळीस माणसं बघत होती, त्यांतली वीस त्याच्या तांड्यातली, आणि मुकादमाचा शब्द म्हणजे काय असतो ते तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. तो तिच्यासमोर खाली मातीत बसला. "म्याच पाडल्या, पोरी. दोन माह्या हातानं, दोन याले सांगून. बाबूजीचा त्यात कायी संबंध नाई."



"अन् बलिया?" भुरीबाईने विचारलं. "आयकू आल्या नाई?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. नाही आल्या, आगीचा आवाज होता, एवढं म्हटलं असतं तरी कोणी दोष दिला नसता. देवसिंग खोटं बोलला नाही. बोलवलंच नाही त्याच्याने.

"आल्या," तो म्हणाला. "आयकलं म्या. टक-टक, दोनदा. मले वाटलं, सरकी फुटून राह्यली. रोज आयकतो वो तो आवाज, माय, रोज. अन् त्याच वख्ती मले वळखू आला नाई."  चाळीस माणसांसमोर मुकादम रडत होता आणि पुसतही नव्हता.

भुरीबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या छातीतून एक लांब श्वास सुटला, इतका लांब, की हंसाबाईने घाबरून तिचा हात धरला. आणि ती रडायला लागली, दुपारपासून पहिल्यांदा, पण रडता रडता हसत होती.

"सरकी?" ती म्हणाली. "सरकी वाटली तुमाले?"

"हो वो, माय."

"म्या आत पडल्या पडल्या इचार करत होती, का मामाजीनं आयकलं अन् मंग पाडल्या. शेठची रुई वाचवाले. धुरापेक्षा तेच जास्त गुदमरवून राह्यलं होतं मले."